पाय जमिनीवर टेकवून शिकायची ॲनाटॉमी

बीपीटीएचला प्रवेश मिळाला की महिनाभरात बहुतेकांची एक वही तयार होते. आडव्या पानावर चार रकाने: ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय, ॲक्शन. डाव्या बाजूला स्नायूंची नावं उतरत जातात आणि मग होस्टेलच्या गॅलरीत, बसथांब्यावर, लोकलमध्ये उभ्या उभ्या ती घोकली जातात. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत या वहीवर गुणही पडतात. पंचाईत पुढे होते. ओपीडीत पोस्टिंग लागतं, एखादे आजोबा पावलागणिक उजव्या अंगाला झुकत आत येतात आणि मॅडम विचारतात, ‘यांचा कुठला स्नायू कमी पडतोय?’ चारही रकाने तोंडपाठ असूनही उत्तर सुचत नाही.

यात विद्यार्थ्याचा आळस नसतो. पुस्तकातली ॲक्शन एक गृहीत धरून लिहिलेली असते. माणूस ॲनाटॉमिकल पोझिशनमध्ये आहे, स्नायूचं धडाकडचं टोक पक्कं आहे, दुसरं टोक हवेत मोकळं आहे आणि गुरुत्वाकर्षण रजेवर गेलंय. ज्याला सर्जन व्हायचंय त्याचं तेवढ्यावर पुष्कळसं भागतं. कुठली रक्तवाहिनी कशामागून जाते, चीर कुठे द्यायची, हे त्याचे प्रश्न. आपला पेशंट मात्र चालतो, जिना उतरतो, बादली उचलतो, खाली बसून उठतो. म्हणून फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, प्रोस्थेटिक्स या शाखांत शिरणाऱ्यांनी, आणि योगशिक्षक किंवा क्रीडा प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्यांनीही, वहीत एक पाचवा रकाना आखावा: ‘पाय जमिनीवर टेकलेला असताना हा स्नायू काय करतो?’ हा रकाना पुस्तकातून उतरवून घेता येत नाही. तो आपल्या आणि मित्राच्या अंगावर पाहून भरावा लागतो.

सुरुवात आत्ताच करता येईल. उभे राहा. दोन्ही हातांची बोटं कंबरेच्या हाडाच्या कडेखाली बाजूला दाबून धरा, खुब्याच्या बाहेर जे टणक उंचवट्यासारखं हाड लागतं त्याच्या थोडं वर. आता डावा पाय जमिनीपासून चार बोटं उचला. उजव्या बोटांखालचं मांस लगेच घट्ट होईल. तो ग्लुटियस मीडियस. वहीत त्याच्यापुढे ‘हिप ॲबडक्शन’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पाय बाजूला नेणं. दिवसभरात आपण पाय असा बाजूला कितीदा नेतो? स्कूटरवर टांग टाकताना, फार तर बाकावर सरकताना. उलट चालताना प्रत्येक पावलाला एक पाय हवेत असतो. त्या वेळी पेल्व्हिस उचललेल्या बाजूला खाली कलंडू नये म्हणून टेकलेल्या पायाकडचा हाच स्नायू ते धरून ठेवतो. चालण्याच्या एका आवर्तनात प्रत्येक पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. जेवढा वेळ एक पाय हवेत, तेवढा वेळ दुसऱ्या बाजूच्या ग्लुटियस मीडियसला सुटी नाही.

हा स्नायू अशक्त झाला की उलट्या बाजूचं पेल्व्हिस खाली पडतं. जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ साली ही खूण सांगितली आणि तपासणीला त्यांचंच नाव राहिलं. पण बरेच पेशंट पेल्व्हिस पडू देत नाहीत. ते सगळं धडच अशक्त बाजूकडे झुकवतात, म्हणजे शरीराचं वजन खुब्याच्या जवळ येतं आणि स्नायूचं काम हलकं होतं. आपले आजोबा उजव्या अंगाला झुकत आले ते याच कारणाने.

आता त्यांच्या हातातली काठी पाहा. बहुतेक वेळा ती दुखऱ्या बाजूच्याच हातात असते, कारण आधार दुखऱ्या बाजूला हवा असं कुणालाही वाटतं. हिशोब मात्र वेगळा आहे. एका पायावर उभं असताना वजन खुब्याच्या सांध्याच्या आतल्या बाजूला पडतं आणि ग्लुटियस मीडियस बाहेरच्या बाजूने ओढतो. त्याचं सांध्यापासूनचं अंतर कमी, म्हणून त्याला जोर जास्त लावावा लागतो. वजन आणि ही ओढ दोन्ही सांध्यावरच येतात, आणि साधं एका पायावर उभं राहिलं तरी खुब्यावरचा भार शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट होतो. काठी उलट्या हातात धरली तर ती सांध्यापासून बरीच दूर टेकते, त्यामुळे तिच्यावर थोडंसं रेटलं तरी स्नायूचं मोठं काम वाचतं. हे एकदा समजलं की ‘काठी डाव्या हातात घ्या, आजोबा’ हे सांगताना आवाजात खात्री येते. पेशंटला ती खात्री बरोबर ओळखू येते.

हाच पाचवा रकाना पोटरीला लावून पाहा. सोलियसपुढे लिहिलेलं असतं ‘प्लांटर फ्लेक्शन’, म्हणजे पाऊल खाली दाबणं. आपण नुसते उभे असतो तेव्हा शरीराच्या वजनाची रेषा घोट्याच्या सांध्याच्या पुढून जाते, म्हणजे नडगीचा कल सतत पुढे पडण्याकडे असतो. तिला मागून ओढून धरतो तो सोलियस. रांगेत तासभर उभं राहणाऱ्याचा सोलियस तासभर राबत असतो, आणि त्याचं पाऊल तसूभरही हललेलं नसतं.

गुडघ्यामागचा पॉप्लिटियस तर केवळ या रकान्यासाठीच जन्मल्यासारखा आहे. पुस्तकात तो टिबिया आत फिरवतो. प्रत्यक्षात आपण उभे असतो तेव्हा टिबिया जमिनीवर खिळलेली असते. गुडघा पूर्ण ताठ होताना मांडीचं हाड किंचित आत फिरून सांधा कुलूपबंद होतो. बसायला वाकलं की पॉप्लिटियस तेच मांडीचं हाड बाहेर फिरवून कुलूप काढतो. स्नायू तोच आणि ओढही तीच, फक्त हललेलं हाड वेगळं.

आणि लॅटिसिमस डॉर्साय. दंडापासून पाठभर पसरून थेट कंबरेच्या हाडापर्यंत पोचणारा हा स्नायू दंड मागे आणि आत खेचतो, असं आपण पाठ करतो. आता व्हीलचेअरवरचा पॅराप्लेजियाचा तरुण डोळ्यांसमोर आणा. दोन्ही हात हत्त्यांवर रोवून तो बूड वर उचलतो, जखमा होऊ नयेत म्हणून. इथे हात पक्के आहेत आणि उचललं जातंय ते पेल्व्हिस. लॅटिसिमसची नर्व्ह मानेतल्या सी ६, ७, ८ मुळांतून येते. त्यामुळे छातीच्या पातळीवर मज्जारज्जू तुटला तरी हा स्नायू शाबूत राहतो आणि संवेदना हरपलेल्या पेल्व्हिसला हातांशी जोडून ठेवतो. ‘थोरॅकोडॉर्सल नर्व्ह, सी ६-७-८’ ही पाठांतरातली सगळ्यात रटाळ ओळ इथे त्या तरुणाच्या रोजच्या आयुष्याचा आधार असते.

दुसरी अडचण तोंडी परीक्षेत उघडी पडते. एक्स्टर्नल विद्यार्थ्याला हात बाजूने खांद्याइतका वर न्यायला सांगतात. ‘कोण काम करतंय?’ ‘डेल्टॉइड, सुप्रास्पायनेटस.’ शाबास. ‘आता हात अगदी सावकाश खाली आणा. आता कोण?’ विद्यार्थी वही आठवतो: खाली आणणं म्हणजे ॲडक्शन, मग पेक्टोरालिस मेजर, लॅटिसिमस. एक्स्टर्नल काही न बोलता त्याच्या डेल्टॉइडवर बोट ठेवतात. तो अजून घट्टच असतो. हात खाली आणायला स्नायूची गरजच नव्हती, ते काम पृथ्वी फुकट करत होती. डेल्टॉइड फक्त हात धाडकन पडू देत नव्हता. आकसणं, लांबत जाताना धरून ठेवणं आणि एका जागी थोपवणं, अशा तीन तऱ्हांनी स्नायू काम करतो. रोजच्या जगण्यात मधली तऱ्हा आपल्याला वाटते त्याहून फार जास्त वापरली जाते. पाण्याने भरलेली बादली ओट्यावरून खाली ठेवताना कोपर सरळ होतं, पण काम बायसेप्स करतो. बैठका मारताना खाली जाताना गुडघा वाकतो, पण राबतात मांडीच्या पुढचे क्वाड्रिसेप्स. जिना चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त दुखतो अशी तक्रार पेशंट करतात ती उगीच नाही.

म्हणून कुठलीही हालचाल पाहिली की आधी एकच विचारायचं: ही हालचाल पृथ्वीच्या ओढीच्या दिशेने आहे की विरुद्ध? दिशेने आणि सावकाश असेल, तर राबणारा स्नायू उलट्या बाजूचा. हे अंगवळणी पडलं की मॅन्युअल मसल टेस्टिंगचे ग्रेड वेगळे पाठ करावे लागत नाहीत. ग्रेड ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल. ग्रेड २ म्हणजे ती ओढ बाजूला काढल्यावर होणारी हालचाल, म्हणून डेल्टॉइडच्या ग्रेड २ साठी पेशंटला उताणं झोपवायचं. ही तपासणी घडली ती पोलिओच्या काळात, कुठला स्नायू किती उरलाय याचा हिशोब ठेवण्याच्या गरजेतून. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५३ साली देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय सुरू झालं तेही पोलिओच्या त्याच दिवसांत.

कुठून सुरुवात करायची

हाडापासून. याला पर्याय नाही, आणि नेमकं हेच विद्यार्थी उरकून टाकतात. एका हातात खांद्यासकट ३२ हाडं आणि एका पायात कंबरेसकट ३१, म्हणजे २०६ पैकी १२६ हाडं हातापायांतच संपतात. हाड हातात घ्यायचं, आधी ते उजवं की डावं हे ठरवायचं, आणि मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं. जिथे खडबडीत लागेल तिथे काहीतरी जोडलेलं असणार. जिथे गुळगुळीत, तिथे सांधा. खाच असेल तर तिथून काहीतरी जात असणार. त्यानंतर लगेच तीच जागा स्वतःच्या अंगावर शोधायची. हाताने न शोधलेली खूण पुढच्या आठवड्यात विसरलेली असते.

अंगावर सापडणाऱ्या काही खुणा तर खिशातल्या किल्ल्यांसारख्या कायम बरोबर हव्यात. मान पुढे वाकवली की सगळ्यात वर येतो तो बहुधा सातवा मानेचा मणका. हात खाली सोडून बसलेल्याच्या स्कॅपुलाचं खालचं टोक सातव्या छातीच्या मणक्याच्या आसपास. कंबरेच्या हाडांच्या दोन्ही कडा जोडणारी रेषा चौथ्या कंबरेच्या मणक्यापाशी. पाठीवर कुल्ल्यांच्या वर पडणाऱ्या दोन खळ्या दुसऱ्या सेक्रल मणक्याच्या पातळीवर. अंगठा ताठ केला की मनगटापाशी जो खळगा पडतो, जुनी माणसं ज्यात तपकिरीची चिमूट ठेवत, त्याच्या तळाशी स्केफॉइड. हात टेकून पडलेल्या माणसाला तिथे दाबल्यावर दुखलं तर पहिला एक्स-रे निर्मळ आला म्हणून त्याला मोकळं सोडायचं नाही. गुडघ्याच्या बाहेर, खाली, फिब्युलाचं डोकं लागतं. त्याच्या मानेला वळसा घालून कॉमन पेरोनियल नर्व्ह जाते, ती बोटाखाली दोरीसारखी सरकते. कोपराच्या आतल्या बाजूला मागे अल्नर नर्व्ह. कुष्ठरोगात या दोन्ही नर्व्ह जाड होतात. पाऊल लोंबणं आणि बोटं वाकडी होणं हे पुढचे प्रकार इथूनच सुरू होतात. विदर्भातल्या विद्यार्थ्याला हे मुद्दाम सांगायला नको.

हाडानंतर सांधा, आणि सांध्यानंतरच स्नायू. सांध्याचा अक्ष एकदा समजला की स्नायूची ॲक्शन पाठ करायची गरज जवळजवळ संपते. स्नायू त्या अक्षाच्या पुढून जातो की मागून, आतून की बाहेरून, एवढं पाहायचं. ओढ कुठे जाईल ते आपोआप कळतं. कोपराच्या पुढून जाणारं सगळं कोपर वाकवणार, मागून जाणारं सरळ करणार. डेल्टॉइडचे पुढचे तंतू हात पुढे नेणार आणि मागचे मागे, कारण ते सांध्याच्या दोन बाजूंना आहेत. याचं एक फसवं उदाहरण ब्रेकिओरेडियालिसचं. त्याला नर्व्ह मिळते मागच्या गटाची, रेडियल, पण तो कोपराच्या पुढून जातो म्हणून कोपर वाकवतो. परीक्षकांचा तो लाडका प्रश्न.

नर्व्ह सप्लायसुद्धा स्नायूगणिक पाठ करू नये. कप्प्यांनी करावा. दंडाचा पुढचा कप्पा मस्क्युलोक्युटेनियसचा, मागचा रेडियलचा. कोपर ते मनगट पुढचा भाग मीडियनचा, फक्त दीड स्नायू सोडून. ते दीड अल्नरचे. मांडी पुढे फीमोरल, आत ऑब्ट्युरेटर, मागे सायॅटिक. गुडघ्याखाली पुढे डीप पेरोनियल, बाहेर सुपरफिशियल पेरोनियल, मागे टिबियल. नियम असा थोडक्यात धरला की अपवाद तेवढे उरतात आणि ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

एक प्रयोग मात्र प्रत्येकाने करून पाहावाच. मनगट पूर्ण आत वाकवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळा. मूठ आवळत नाही. मनगट थोडं मागे करा, मूठ पक्की होते. बोटं वाकवणारे स्नायू मनगट ओलांडून येतात. मनगट वाकलं की ते आधीच आखूड झालेले असतात आणि त्यांच्यात आणखी आकसण्याइतकी जागा राहत नाही. आता रेडियल नर्व्ह दुखावलेला पेशंट पाहा. मूठ आवळणारे त्याचे सगळे स्नायू मीडियन आणि अल्नरवर व्यवस्थित चालू आहेत, तरी ग्लास हातातून निसटतो, कारण मनगट मागे धरून ठेवणारे बंद पडलेत. कॉक-अप स्प्लिंट मनगट किंचित मागे उचलून धरतो आणि पकड परत येते. वहीच्या चार रकान्यांत ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते.

दोन सांधे ओलांडणाऱ्या प्रत्येक स्नायूची हीच मर्यादा असते, आखूड होताना तशीच ताणलं जातानाही. उताणं झोपून गुडघा वाकवून मांडी पोटाशी आणता येते. तोच पाय सरळ ठेवून वर उचलला की मांडीमागे ताण येऊन तो बऱ्याच आधी थांबतो, कारण हॅमस्ट्रिंग खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडतात. पश्चिमोत्तानासनात विद्यार्थ्याची पाठ गोल होते तेव्हा योगशिक्षकाने पाठीवर दाब देण्याआधी हे आठवावं. गुडघे थोडे वाकवू दिले तर पेल्व्हिस पुढे वळतं आणि पाठीचा प्रश्न बहुधा तिथेच सुटतो. पोटरीच्या तपासणीतही हेच: गुडघा सरळ असताना घोटा आखडलेला वाटला आणि गुडघा वाकवल्यावर सुटला, तर आखडलेला गॅस्ट्रोक्नेमियस, दोन्हीकडे आखडलेलाच राहिला, तर सोलियस किंवा सांधा.

खांद्याला मी वेगळा आठवडा देतो, आणि तोही कमीच पडतो. हात पूर्ण वर, म्हणजे १८० अंश नेताना ढोबळमानाने १२० अंश दंडाच्या सांध्यात होतात आणि ६० अंश स्कॅपुला बरगड्यांवर सरकल्याने. मित्राला उघड्या पाठीने उभं करा, स्कॅपुलाच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवा आणि हात सावकाश वर न्यायला सांगा. सुरुवातीला अंगठा फारसा हलत नाही, मग टोक बाहेर आणि पुढे सरकत काखेकडे येतं. फ्रोझन शोल्डरच्या पेशंटवर हाच अंगठा ठेवलात तर टोक पहिल्याच क्षणी सरकतं आणि खांदा कानाकडे चढतो. दंडाचा सांधा हलत नसल्याने स्कॅपुला त्याचं काम ओढून घेते. अंशमापक लावण्याआधी एवढं अंगठ्यानेच सांगितलेलं असतं. याच पेशंटबाई वेणी घालता येत नाही, ब्लाउजचं मागचं हुक लावता येत नाही असं सांगतात तेव्हा मनात लगेच उतरवून घ्या: पहिल्यात हात वर आणि बाहेर फिरतो, दुसऱ्यात मागे आणि आत. सेरेटस अँटीरियरसाठी मित्राला भिंतीवर हात टेकून रेटायला लावा. स्कॅपुलाची आतली कड पाठीवरून पंखासारखी उचलली गेली तर हा स्नायू किंवा त्याची लाँग थोरॅसिक नर्व्ह कमी पडते. जोर काढणाऱ्या पैलवानाच्या बरगडीवर बोटांच्या पेरांसारखे जे उंचवटे दिसतात, तोच हा.

डिसेक्शन हॉल आणि कागद

डिसेक्शन हॉलमधलं शरीर कुणीतरी जाणीवपूर्वक दिलेलं असतं, किंवा कुणी विचारायला न आल्यामुळे ॲनाटॉमी ॲक्टखाली तिथे आलेलं असतं. महाराष्ट्रात हा कायदा १९४९ पासूनचा. तिथे मोबाइल बाहेर काढू नये एवढं सांगून पुढे जातो. फिजिओथेरपीच्या बॅचला बहुतेक ठिकाणी स्वतः डिसेक्शन करायला मिळत नाही, कापून ठेवलेलं पाहायला मिळतं. म्हणून आत जाण्याआधी काय पाहायचं ते ठरवून जा: थर कुठला वर, कुठला खाली, तंतूंची दिशा कुठली, कंडरा हाडाच्या नेमक्या कुठल्या कडेला चिकटलीय. सुप्रास्पायनेटस वरून, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर मागून आणि सबस्कॅप्युलारिस पुढून येऊन दंडाच्या डोक्याला कसे कवटाळतात, हे एकदा तिथे पाहिलं की रोटेटर कफ पुन्हा चुकत नाही. स्पर्श मात्र तिथे शिकू नका. फॉर्मलिनमधला स्नायू ताठ असतो, जिवंत हाताला लागतो तसा तो नसतो.

हॉलमधून आल्यावर त्याच संध्याकाळी कोऱ्या कागदावर आठवून काढायचं. चित्रकला यायची गरज नाही. हाडाची ढोबळ रेषा, त्यावर स्नायूची एक रेघ, सांधा कुठे ओलांडला त्याची खूण. मग पुस्तक उघडून लाल पेनाने चुका. हेच दोन दिवसांनी, आणि पुन्हा आठवड्याने. हायलायटरने पान पिवळं करत तीनदा वाचण्यापेक्षा हे त्रासाचं आहे, आणि म्हणूनच टिकतं. नावं चित्रातच, अवयवावरच लिहा; बाजूला आकडे आणि खाली यादी असं करू नका. ही सवय लावणारा माणूस मुंबईशी जोडलेला आहे. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ १८५८ साली लंडनमध्ये निघालं, त्यातली साडेतीनशेहून अधिक चित्रं हेन्री वॅनडाइक कार्टरची. त्याने नावं थेट हाडांवर आणि स्नायूंवर लिहिली, त्यामुळे विद्यार्थ्याची नजर पानभर हिंडायची थांबली. त्याच वर्षी कार्टर मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी आणि फिजिओलॉजी शिकवू लागला आणि पुढे कुष्ठरोगासारख्या इथल्या आजारांवर त्याने काम केलं. पुस्तकाला नाव मात्र ग्रेचंच लागलं.

पुस्तकांबद्दल थोडं. परीक्षेपुरतं चौरसिया पुरेसं आहे, त्याला नाकं मुरडण्याचं कारण नाही. चित्रांसाठी नेटरचा ॲटलास. हालचाल समजण्यासाठी कापांजीचे तीन खंड ग्रंथालयातून घेऊन नुसते चाळले तरी सांधा डोळ्यांसमोर फिरायला लागतो. तपासणीसाठी केंडल. थ्री-डी ॲपवर थर एकेक सोलून पाहता येतात, हा त्यांचा मोठा फायदा. पण ॲपमधला माणूस हवेत तरंगतो, म्हणजे पुस्तकातली जुनीच खोड तिथे पडद्यावर आली आहे.

पाश्चात्त्य पुस्तकांची आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. ‘दैनंदिन व्यवहाराला पुरेशी हालचाल’ असे तक्ते त्यांत असतात, ते खुर्ची, कमोड आणि पलंग धरून बनवलेले. आपल्याकडे पेशंट पंगतीला मांडी घालून बसतो, देवापुढे वाकतो, शेतात उकिडवा बसून खुरपतो. त्याचा गुडघा नव्वद अंशांवर थांबला तर तक्त्याच्या दृष्टीने तो बरा झालेला असतो आणि स्वतःच्या दृष्टीने पांगळा. उकिडवं बसायला घोटाही पुरेसा वर वळावा लागतो, नाहीतर टाच उचलली जाते. जयपूर फूट याच गरजेतून आला: अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जयपुरात तो घडवला, कारण परदेशी कृत्रिम पाऊल बुटात घालायला ठीक होतं पण उकिडवं बसू देत नव्हतं, अनवाणी शेतात जाऊ देत नव्हतं. पावलाच्या सांध्यांचा धडा वाचताना त्या पावलाची रचना शोधून पाहा. घोटा, टाचेखालचा सांधा आणि पावलाच्या मधला भाग यांची कामं वेगळी का, हे त्यातून फार पटकन कळतं.

अभ्यास जोडीनेच करावा. एक पेशंट, एक थेरपिस्ट, मग अदलाबदल. नखं कापलेली, हात कोमट. कुठे हात लावणार ते आधी सांगायचं, विचारायचं, मग लावायचा. पेशंटबरोबरही हेच करायचं आहे, तेव्हा सवय इथेच लागू दे. काजळाच्या पेन्सिलीने कातडीवर स्नायूची कड आखा आणि तो आकसला की रेघ कशी सरकते पाहा. बोटाच्या टोकाने टोचू नका. बोटाचं सपाट पेर ठेवून वाट पाहायची, खालचं मांस ढिलं पडू द्यायचं. स्नायू सापडत नसेल तर त्याच्याकडून त्याचं काम करून घ्या, तो स्वतःच पुढे येतो. सगळ्यांच्या अंगात सगळं सारखं असेल अशीही अपेक्षा नको. अंगठा करंगळीला टेकवून मनगट वाकवलं की मधोमध जी कंडरा उठते ती पाल्मारिस लाँगसची. वर्गातल्या काही जणांच्या मनगटात ती नसतेच आणि त्यांचं काही अडतही नाही.

इंटर्नशिपपर्यंत थांबू नका. पहिल्या वर्षापासून महिन्यातून एकदा तरी सीनियरच्या मागे ओपीडीत उभे राहा आणि फक्त पाहा. पेशंट ‘खांदा दुखतो’ म्हणाला की सीनियर सांगते, ‘एका बोटाने दाखवा.’ कुणी सगळा तळवा मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत फिरवतो; तिथे ट्रॅपिझियस आहे, मान आधी तपासायची. कुणी दंडाच्या बाहेरच्या बाजूला, डेल्टॉइड हाडाला चिकटतो तिथे हात ठेवतो. तिथे दाबलं तर काहीच दुखत नाही, कारण दुखणं रोटेटर कफचं असून जाणवतं खाली. मग हात बाजूने वर न्यायला सांगायचा. साठ अंशांपासून एकशेवीसपर्यंत चेहरा वेडावाकडा झाला आणि पुढे पुन्हा सैल पडला, तर वहीतलं सुप्रास्पायनेटसचं पान उघडून पाचव्या रकान्यात ते लगेच लिहून ठेवायचं.